लहान मुलांचा पक्षाघात : कारण सापडेपर्यंत उपचार पुरा होत नाही

शमी_मुलुंड :

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी साडेआठला आमची सहा वर्षांची मुलगी पोहे खाता खाता थांबली. उजव्या हातातला चमचा ताटलीत पडला, तिने तो डाव्या हाताने उचलला आणि पुन्हा खाऊ लागली. मला वाटले, खेळते आहे. मी चमचा परत उजव्या हातात दिला, तोही पडला, तेव्हा ती म्हणाली, "आई, माझा हात झोपलाय." जीभ जड झाली होती आणि हसताना तोंड डावीकडे ओढले जात होते.

नऊ वाजता आम्ही ओळखीच्या डॉक्टरांकडे होतो. रात्री हात अंगाखाली आला असेल, असे म्हणून त्यांनी टॉनिक लिहून दिले. दुपारी ती पाय ओढत चालू लागली म्हणून एका रुग्णालयात नेले. तिथे डोक्याचा सीटी स्कॅन झाला, तो स्वच्छ आला, आणि एवढ्या लहान मुलांच्या अंगावरून वारे जात नाही, शाळेत काही ताण आहे का ते पाहा, असे सांगून आम्हाला घरी पाठवण्यात आले. रविवारी सकाळी उजवा हात उचलेनासा झाला. दुसऱ्या रुग्णालयात दुपारी बाराला एमआरआय झाला. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर मेंदूच्या डाव्या बाजूला, खोलवर, हरभऱ्याच्या दाण्याएवढा पांढराशुभ्र ठिपका दाखवला. मेंदूच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. पहिला चमचा पडल्यापासून साडेसत्तावीस तास झाले होते.

हा धागा काढण्याचे कारण हे साडेसत्तावीस तास आहेत. याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी धमनी गुठळीने बंद होणे किंवा आतून अरुंद होणे. तो आपल्याला माहीत असतो तो साठीच्या काकांमुळे, रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखूच्या संदर्भात. मुलांमध्ये यातले काहीच नसते, म्हणून कोणाच्या मनात तो येत नाही. परदेशांतल्या आकडेवारीनुसार दर वर्षी लाखात एक-दोन मुलांना धमनी बंद होऊन स्ट्रोक होतो आणि तिथल्या प्रगत रुग्णालयांच्या अभ्यासांतही निदानाला जवळजवळ एक दिवस लागलेला दिसतो. त्यामुळे मी कोणा एका डॉक्टरांना दोष देत नाही. मात्र त्या दिवशी "सीटी स्वच्छ आहे, पण एमआरआय करता येईल का?" एवढे विचारण्याइतकी माहिती माझ्याकडे असती, तर एक रात्र वाचली असती.

आमच्या मुलीचे कारण पुढच्या दोन दिवसांत समजले. तिला ऑक्टोबरमध्ये कांजिण्या झाल्या होत्या. या विषाणूची सवय अशी की अंगावरचे फोड सुकले तरी तो चेतापेशींच्या गाठींमध्ये दबा धरून राहतो, आणि क्वचित एखाद्या मुलात चेतातंतूंवरून मेंदूच्या मोठ्या धमन्यांपर्यंत पोहोचून तिथल्या भिंतीला सूज आणतो. कांजिण्यांनंतरच्या सहा महिन्यांत स्ट्रोकचा धोका वाढतो, असे अभ्यासांत आढळले आहे. एमआरआयबरोबरच धमन्यांचे चित्रण, म्हणजे एमआरए, केले तेव्हा मेंदूच्या मधल्या धमनीचा सुरुवातीचा भाग धाग्यासारखा बारीक झालेला दिसला.

ज्यांनी हे जवळून पाहिले आहे किंवा ज्यांना या विषयाचे ज्ञान आहे, त्यांनी कृपया लिहावे.

गिरगावकर :

शमीताई, वाचून मन हेलावले. एक शंका विचारतो. माझा भाचा नऊ महिन्यांचा आहे. खेळणे कुठल्याही बाजूला ठेवले तरी तो डाव्या हातानेच घेतो आणि उजवी मूठ बहुतेक वेळ मिटलेली असते. घरी सगळे "डावखुरा होणार" म्हणून कौतुक करत आहेत. यात काही काळजीचे असू शकते का?

बालवैद्य_परळ :

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात काम करतो. गिरगावकर, आधी तुमच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तो थांबण्यासारखा नाही. पहिल्या वाढदिवसाआधी बाळाने एकाच हाताला पसंती देणे हे डावखुरेपण नसते. त्या वयात दोन्ही हात सारखेच चालायला हवेत. एक हात मागे राहत असेल आणि मूठ मिटलेली असेल, तर जन्माच्या आसपास स्ट्रोक होऊन गेल्याची शक्यता तपासली पाहिजे. नवजात बाळात त्या वेळी हातपाय लुळे पडलेले दिसत नाहीत. पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडी येते, किंवा काहीच दिसत नाही आणि सहा-आठ महिन्यांनी हाताची ही खूण लक्षात येते. या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तसे निघाले तर दिलासा देणारी गोष्ट अशी की जन्माच्या वेळचा स्ट्रोक सहसा पुन्हा होत नाही, त्यामुळे बहुतेक बाळांना रक्त पातळ ठेवणारे औषध वर्षानुवर्षे द्यावे लागत नाही. व्यायामोपचार मात्र जितक्या लवकर सुरू होईल तितका चांगला.

आता शमीताईंच्या मूळ मुद्द्याकडे वळतो. मोठ्यांच्या स्ट्रोकमध्ये कारणांची यादी आखूड असते आणि बहुतेकांचा उपचार एका वाटेने जातो. मुलांमध्ये प्रत्येक कारणाची वाट निराळी असते, म्हणून कारणाचा शोध हा उपचाराचाच भाग आहे.

आमच्या वॉर्डात येणारी मुले डोळ्यांसमोर आणून लिहितो. जन्मजात हृदयविकार असलेली, ओठ-नखे निळसर पडणारी मुले बरीच असतात. त्यांचे रक्त दाट असते आणि हृदयातल्या छिद्रामुळे शिरेतली गुठळी फुप्फुसात गाळली न जाता थेट मेंदूकडे जाऊ शकते. आपल्याकडे क्षयाचा मेंदूज्वर हे मोठे कारण आहे. मेंदूच्या तळाशी साचलेला चिकट स्राव तिथल्या धमन्यांना वेढतो, त्या सुजतात आणि बंद पडतात, आणि क्षयाची औषधे सुरू झाल्यानंतरही हे घडू शकते. पंधरा दिवस रेंगाळणारा ताप, वजन घटणे, चिडचिड आणि मग एक बाजू लुळी पडणे, असा क्रम आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. जन्मल्यावर दिली जाणारी बीसीजी लस क्षयाच्या या गंभीर प्रकारापासून बऱ्याच अंशी संरक्षण देते.

तिसरे चित्र साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांचे. बाळ पलंगावरून किंवा सोफ्यावरून पडते, थोडे रडते, खेळू लागते, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी एक हात-पाय हलेनासा होतो. अशा बाळांपैकी काहींच्या मेंदूतल्या खोलवरच्या बारीक धमन्यांच्या भिंतींत चुन्याचे कण साचलेले असतात आणि किरकोळ धक्क्यानेही त्या बंद होतात. यांच्यातल्या अनेकांना लोहाची कमतरताही असते. शमीताईंच्या मुलीचा स्ट्रोक सीटीला दिसला नाही, कारण पहिल्या काही तासांत तो सीटीवर बहुधा उमटतच नाही. पण चुन्याचे हे कण सीटीमध्येच चांगले दिसतात. म्हणून सीटी निरुपयोगी आहे, असा अर्थ कोणी घेऊ नये. रक्तस्राव ओळखायलाही तो लागतोच. फक्त सीटी स्वच्छ आला म्हणजे स्ट्रोक नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

याशिवाय मानेला हिसका बसून धमनीचा आतला पदर फाटणे, सिकलसेल, मोयामोया (मेंदूच्या मुख्य धमन्या हळूहळू बंद होण्याचा आजार), रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष आणि रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढणारे चयापचयाचे विकार ही कारणे आहेत. रक्त जास्त गोठू न देणाऱ्या प्रोटीन सी आणि प्रोटीन एस या प्रथिनांच्या तपासण्यांबद्दल एक सूचना द्यायला हवी. स्ट्रोकच्या ऐन वेळी ही प्रथिने खाली गेलेली असू शकतात, म्हणून तेव्हाचा कमी आकडा पाहून मुलाला जन्माचा आजार चिकटवू नये. सुमारे तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी.

चिंचपोकळी_७ :

डॉक्टर, माझ्या सासऱ्यांना गेल्या वर्षी स्ट्रोक झाला, तेव्हा साडेचार तासांच्या आत पोहोचलो म्हणून गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन मिळाले आणि ते आज चालते-फिरते आहेत. तेच इंजेक्शन मुलांना का देत नाहीत?

बालवैद्य_परळ :

प्रश्न योग्य आहे. ते औषध, अल्टेप्लेस, मुलांमध्ये कितपत सुरक्षित आहे हे पाहण्यासाठी अमेरिकेत टिप्स नावाची चाचणी सुरू झाली होती. पुरेशी मुले वेळेत सापडली नाहीत म्हणून ती २०१३ मध्ये बंद करावी लागली. त्यामुळे मोठ्यांसाठी आहे तसा भक्कम पुरावा मुलांसाठी उभा राहिला नाही. निवडक, बहुधा मोठ्या वयाच्या मुलांमध्ये, धमनी बंद असल्याचे चित्रणात स्पष्ट दिसत असेल आणि वेळ हातात असेल, तर तज्ज्ञ ते देण्याचा विचार करतात. मांडीतल्या धमनीतून नळी घालून गुठळी ओढून काढण्याच्या उपचाराबद्दल २०२० मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांनी मिळून ७३ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि तो आशादायक होता. मोठी धमनी अचानक बंद झालेल्या मुलासाठी हा पर्याय विचारात घेतला जातो. मात्र शमीताईंच्या मुलीसारखी धमनी सुजेने अरुंद झालेली असेल, तर तिथे ओढून काढण्यासारखी गुठळीच नसते, उलट सुजलेल्या भिंतीला इजा होण्याची भीती असते. म्हणजे पुन्हा कारणाचाच प्रश्न आला.

दुसरी अडचण अशी की मुलांमध्ये स्ट्रोकसारखे दिसणारे आजार खूप असतात. आकडी येऊन गेल्यावर काही तास एक बाजू लुळी राहते, अर्धशिशीत हात बधिर होऊन बोलणे अडखळते, साखर कमी झाली तरी तसे होते, आणि नुसती चेहऱ्याची नस सुजली तरी तोंड वाकडे होते. आकडी हे तर लहान मुलांमधल्या स्ट्रोकचे स्वतःचेही लक्षण असू शकते, म्हणून आकडीनंतरची कमजोरी आपोआप जाईल, असे धरून बसता येत नाही. हे सगळे वेगळे काढण्यासाठी एमआरआयच लागतो. पूर्ण एमआरआयला वेळ लागतो आणि लहान मुलाला झोपेचे औषध द्यावे लागते. पण ताजा स्ट्रोक दाखवणारा त्यातला नेमका भाग काही मिनिटांत होतो, आणि तेवढा तरी तातडीने करा, अशी विनंती पालकांनी जरूर करावी.

पहिल्या दोन दिवसांतला उपचार ऐकायला साधा वाटतो, पण तो मेंदू वाचवतो : ताप चढू न देणे, साखर फार खाली किंवा वर जाऊ न देणे, रक्तदाब पडू न देणे, शरीरात पाणी कमी पडू न देणे आणि आकडी लगेच आटोक्यात आणणे.

डहाणूची_लेक :

सिकलसेलचा उल्लेख वर एका शब्दात आला म्हणून लिहिते. आपल्या राज्यात विदर्भ, नंदुरबार आणि आमच्या पालघर भागातल्या आदिवासी कुटुंबांत हा आजार आहे आणि कामासाठी मुंबईत आलेली अशी कितीतरी कुटुंबे आहेत. माझ्या भावाच्या मुलाला सिकलसेल आहे. सांधे दुखतात एवढेच आम्हाला माहीत होते. या आजारात विळ्याच्या आकाराच्या होणाऱ्या तांबड्या रक्तपेशींमुळे मेंदूच्या मोठ्या धमन्या हळूहळू अरुंद होतात आणि स्ट्रोक होण्याआधीच तो धोका मोजता येतो, हे फार उशिरा कळले.

तपासणी सोपी आहे. कानशिलावर सोनोग्राफीसारखे यंत्र लावून मेंदूच्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजतात. सुई नाही, भूल नाही. वयाच्या दुसऱ्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत ती दर वर्षी करावी, असे आम्हाला सांगितले आहे. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरला, तर धोका मोठा मानतात आणि नियमित रक्त देणे सुरू करतात. अमेरिकेतल्या १९९८ च्या एका चाचणीत अशा मुलांचे स्ट्रोक रक्त दिल्याने सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी झाले होते. आमच्या मुलाचा वेग वाढलेला निघाला, पण त्या रेषेच्या आत होता. तो आता हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलच्या औषधावर आहे. ज्यांना स्ट्रोक होऊनच गेला आहे, त्यांचे रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिनचे प्रमाण तीस टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. त्यात रक्ताची तपासणी होते. धमनीच्या वेगाची तपासणी मात्र आपण स्वतः विचारून करून घ्यावी.

फुगेवाला_बाबा :

शमीताई, हा अनुभव मी प्रथमच लिहितो आहे. माझ्या मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला तो फुगा फुगवत होता. चौथ्या-पाचव्या फुंकीला त्याचा डावा हात खाली गळला आणि दहा मिनिटांत पूर्ववत झाला. त्याआधी एकदा हट्ट करून खूप रडल्यावर असेच झाले होते, तेव्हा आम्ही त्याला "ढोंग करू नकोस" म्हणून ओरडलो होतो. ते आठवले की अजून घास उतरत नाही.

त्याला मोयामोया आहे. मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य धमन्या टोकाशी हळूहळू बंद होत जातात आणि शरीर त्या भागात बारीक धमन्यांचे जाळे तयार करते. धमन्यांच्या चित्रात ते जाळे धुरासारखे दिसते, म्हणून जपानी डॉक्टरांनी १९६९ मध्ये हे नाव दिले. फुगा फुगवणे, बासरी वाजवणे, गरम खाण्यावर फुंकर घालणे, जोरजोरात रडणे, यांत श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या धमन्या आकसतात, आणि आधीच तुटपुंज्या असलेल्या रक्तपुरवठ्यात क्षणभर खंड पडतो. त्या दहा मिनिटांच्या घटना म्हणजे येऊ घातलेल्या स्ट्रोकची पूर्वसूचना होती.

औषधाने धमनी उघडत नाही. ॲस्पिरिन चालू आहे, पण खरा उपचार शस्त्रक्रियेचा. डोक्याच्या त्वचेखालची धमनी मेंदूच्या पृष्ठभागावर आणून ठेवतात आणि काही महिन्यांत तिच्यातून नवीन धमन्या मेंदूत शिरतात. मोठ्या मुलांमध्ये ती मेंदूच्या धमनीला थेट जोडताही येते. आमच्या मुलाच्या दोन्ही बाजू करून झाल्या. त्याला आजही आम्ही उपाशी किंवा तहानलेला राहू देत नाही, आणि घरातल्या कोणत्याही वाढदिवसाला फुगे मोठी माणसेच फुगवतात.

प्राजक्त_ठाणे :

ॲस्पिरिन मुलांना देऊ नये, असे नेहमी ऐकले आहे. मग इथे वर्षानुवर्षे कसे देतात?

बालवैद्य_परळ :

तुम्ही ऐकले ते बरोबर आहे. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ॲस्पिरिन दिल्यास यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा राय सिंड्रोम क्वचित होऊ शकतो, म्हणून तापासाठी मुलांना ते देत नाहीत. स्ट्रोकनंतर मात्र दुसरा स्ट्रोक टाळण्यासाठी ते दिले जाते, आणि तेही अल्प मात्रेत : सुरुवातीला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम, बहुधा किमान दोन वर्षे. अशा मुलाला दर वर्षी फ्लूची लस द्यावी, कांजिण्या झाल्या नसतील तर त्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोलावे, आणि घरात किंवा वर्गात कोणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी कळवावे. कांजिण्यांची लस सरकारी लसीकरणात नसल्याने ती अनेक मुलांची राहून जाते. लसींचा मुद्दा एवढ्यावरच संपत नाही : अनेक देशांतल्या मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात स्ट्रोकच्या आधीच्या आठवड्यात साधा सर्दी-तापाचा संसर्ग होऊन गेलेला वारंवार आढळला आणि ज्यांच्या लसी अपुऱ्या होत्या त्यांना धोका अधिक दिसला.

गुठळी हृदयातून आली असेल किंवा मानेतल्या धमनीचा आतला पदर फाटला असेल, तर ॲस्पिरिनऐवजी हेपॅरिन किंवा वॉरफॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा विचार होतो. कांजिण्यांनंतरच्या धमनीच्या सुजेवर स्टेरॉइड द्यावे का, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही.

हात_पाय_दादर :

मी मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्याकडे मूल येते तेव्हा बहुतेक घरांत मालिश सुरू झालेले असते. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण कडक झालेला हात जोराने ओढू नका आणि लुळ्या खांद्याला धरून मुलाला कधीही उचलू नका, खांदा निखळतो. मूल चांगल्या हाताने सगळे करायला शिकते आणि दुबळा हात मेंदूच्या हिशोबातून गळत जातो. म्हणून आम्ही दिवसातले काही तास चांगल्या हातावर मोजा किंवा पट्टी चढवून दुबळ्या हाताला काम देतो. कणकेचा गोळा मळणे, मटार सोलणे, कपडे वाळत घालताना चिमटे लावणे, ही कामे मला महागड्या खेळण्यांपेक्षा जास्त उपयोगी वाटतात, कारण मूल ती कंटाळा न करता रोज करते.

निम्म्याहून अधिक मुलांमध्ये काही ना काही उणीव राहते आणि ती नेहमी हातापायातच असते असे नाही. चालायला लागलेले मूल पाहून घरचे निर्धास्त होतात आणि दोन वर्षांनी शाळेत लक्ष न लागणे, शब्द लवकर न आठवणे, वहीत मागे पडणे समोर येते. त्याला आळस म्हणू नका, चाचणी करून घ्या. हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथे फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-उपचार आणि हातापायांची साधने एकाच आवारात मिळतात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घ्यायला अनेक पालक कचरतात. पुढे परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळवताना तेच लागते.

गिरगावकर :

भाच्याला काल दाखवले. एमआरआयची तारीख मिळाली आहे आणि व्यायाम त्याआधीच सुरू करायला सांगितले आहे. बहिणीने हा धागा वाचला.

शमी_मुलुंड :

गिरगावकर, बरे झाले लगेच गेलात. सर्वांचे मनापासून आभार, आणि फुगेवाला_बाबा, तुमचे विशेष.

आमची सध्याची स्थिती लिहिते. मुलीचे वजन १९ किलो आहे, ॲस्पिरिन रोज ७५ मिलिग्रॅम चालू आहे. मे महिन्यातल्या एमआरएमध्ये धमनी थोडी मोकळी झालेली दिसली. अशी सूज पहिल्या काही आठवड्यांत वाढू शकते आणि मग सहसा ओसरते, असे आम्हाला सांगितले होते, त्यामुळे ते चित्र पाहीपर्यंत झोप नव्हती. पाय पूर्ववत झाला आहे. उजव्या हाताची बोटे अजून मंद आहेत. फ्रॉकचे वरचे बटण तिला लागते, खालची दोन लागत नाहीत. फ्लूची लस पहिल्यांदाच घेत असल्याने चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा होत्या, त्या पावसाळ्याआधी पूर्ण झाल्या.

सोमवारी शाळा सुरू झाली. तिच्या डायरीच्या पहिल्या पानावर मी एक कागद चिकटवला आहे : तोंड वाकडे झाले, हात किंवा पाय गळाला, बोलणे अडखळले, आकडी आली किंवा अचानक तीव्र डोके दुखू लागले, तर वेळ लिहून ठेवावी, खायला-प्यायला काही देऊ नये, १०८ ला फोन करावा आणि "या मुलीला आधी स्ट्रोक झाला आहे" हे पहिले वाक्य सांगावे. बाईंनी त्याची प्रत काढून स्टाफरूममध्येही लावली. पुढचा एमआरए फेब्रुवारीत आहे. तो झाला की इथेच लिहीन.